जुना डिझेल ट्रक कामाला घेतलाय : कुठले बदल टिकाऊ, कुठले टाळावेत?

लोडबेड
नमस्कार मंडळी. रोजच्या कामासाठी जुना डिझेल पिकअप घेतला आहे. ३ लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाचं डिझेल), व्हीजीटी टर्बो (आतली पाती हलणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि डीपीएफ (काजळीचा फिल्टर) दोन्ही जागेवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). मीटरवर १,८५,००० किमी. हौद्यात कायम ७००-८०० किलो सामान, बऱ्याचदा मागे ट्रेलर, रस्ता चढउताराचा आणि धुळीचा.

मला वेग नकोय, गाडी कामाच्या दिवशी उभी राहायला नको, एवढंच हवंय. डोक्यात असलेली यादी : ट्यूनिंग बॉक्स, मोठा एअर फिल्टर, मागे एअर बॅग (पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी), मोठे टायर, गिअरबॉक्सला जादा कूलर, इंधनाचा जादा फिल्टर, कामाचे दिवे आणि इन्व्हर्टर. सगळं एकदम होणार नाही. क्रम कसा लावावा? आणि यातलं काय मुळात करूच नये?

पानानंबर१३
यादी बाजूला ठेवा. आधी गाडी आज कुठल्या अवस्थेत आहे ते कळू द्या. जुन्या इंजिनावर बसवलेला कुठलाही बदल आधीच्या दोषावर पांघरूण तरी घालतो, नाहीतर तो दोष वाढवतो. तपासायच्या गोष्टी :

सगळी तेलं बदला : इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शियल, असेल तर ट्रान्सफर केस, ब्रेक ऑइल. इंजिनाचं जुनं तेल काढताना गरम इंजिनाचा, मधल्या धारेचा नमुना बाटलीत घ्या आणि प्रयोगशाळेत पाठवा. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढलेलं असेल तर धूळ आत जातेय. सोडियम-पोटॅशियम असेल तर कूलंट. चिकटपणा कमी आणि इंधनाचा अंश जास्त असेल तर इंजेक्टरचं नोझल गळतंय किंवा डीपीएफचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) सारखं अर्धवट राहतंय.

मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडायच्या, गरम इंजिन ठरावीक वेळ आयडलला ठेवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय.

बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरणारा वायू) नुसतं ऑइल कॅप उघडून, धूर बघून ठरवू नका. टर्बोच्या गाडीत कॅपवर थोडी वाफ असतेच. क्रँककेसचं प्रेशर पाण्याच्या मॅनोमीटरने मोजा आणि त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

ग्रीसगन
+१. यात दोन गोष्टींची भर घाला : प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आणि मधलं बेअरिंग. लोडच्या गाडीत सुटताना 'टक्' आवाज आला तर बहुतेक क्रॉसच. आणि पाट्यांचे बुश. पाटे जुने, बुश गेलेले आणि वर एअर बॅग चढवलेली, अशी गाडी कधीच सरळ पळत नाही.

काळाधूर
एवढं सगळं ठीक आहे, पण ट्यूनिंगला लोक उगाच घाबरतात. कंपनी इंजिनात भरपूर वाव ठेवते. चांगल्या माणसाकडून माफक मॅप (इंजिनाच्या संगणकातले इंधनाचे नवे हिशेब) करून घेतला तर लोडवर गिअर कमी वेळा बदलावे लागतात, इंजिन कमी ताणलं जातं. ईजीआर बंद केला की काजळीही कमी होते. माझ्या मते ट्यूनिंग पहिल्या तीनात हवं.

मीटरवाली
काळाधूर, माफक मॅप आणि ट्यूनिंग बॉक्स एक नाहीत. लोडबेड यांच्या यादीत बॉक्स आहे.

स्वस्तातले बहुतेक बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या मध्ये बसतात आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) खोटा, कमी आकडा सांगतात. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय, म्हणून तो पंपाला आणखी दाबायला लावतो. खरं प्रेशर ईसीयूला दिसत असलेल्या आकड्याच्या वर जातं, जादा दाब सोडणारा लिमिटिंग व्हॉल्व्ह उघडण्याच्या जवळ पोचतं. हे १,८५,००० किमी चाललेल्या पंपावर आणि नोझलवर. शिवाय संरक्षणाचे सगळे हिशेब ईसीयू त्याच खोट्या आकड्यावर करत राहतो.

दुसरं, डीपीएफ असलेल्या गाडीत जादा इंधनाचा काळा धूर मागून दिसतच नाही, तो डीपीएफमध्ये साठतो. चालवणाऱ्याला वाटतं मॅप स्वच्छ आहे. तिकडे रिजनरेशन वारंवार होतं, त्यासाठी उशिरा मारलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढत असेल तर ते शुभलक्षण नाही, तेल पातळ होतंय.

नोझल
मीटरवाली ताईंशी पूर्ण सहमत. ईजीआर-डीपीएफ काढण्याबद्दल : बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीतून ते काढणं बेकायदा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. पण तांत्रिक बाजूही बघा. डीपीएफ सारखा भरतो तेव्हा दोष क्वचितच डीपीएफचा असतो. वरच्या बाजूला शोधा :

- थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन पूर्ण गरमच होत नाही, म्हणून ईसीयू रिजनरेशनला परवानगी देत नाही. छोटासा भाग, पण या एका कारणाने कितीतरी डीपीएफ फुकट बदलले जातात.
- इंटरकूलरच्या पाईपातून बूस्ट गळतोय.
- नोझल टपकतोय.
- डीपीएफच्या आधीच्या-नंतरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या तडकल्यात किंवा काजळीने बुजल्यात.
- तेल चुकीचं. कमी राखेचं तेल हवं, उदाहरणार्थ एसीईए सी३ किंवा हेवी ड्युटीला एपीआय सीके-४, मॅन्युअलमध्ये जे दिलंय ते. काजळी जळते, तेलातली राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते आणि डीपीएफ उतरवून साफ करूनच निघते.

काळाधूर
बॉक्सबद्दलचा मुद्दा मान्य. मीही सेन्सरला फसवणाऱ्या बॉक्सच्या बाजूने नाहीच. ईसीयूतला मॅप, टॉर्क १०-१५ टक्क्यांपुरता, तोही १८०० आरपीएमच्या खाली हात न लावता, याला काय हरकत?

मीटरवाली
१८०० च्या खाली हात लावायचा नाही हे अगदी बरोबर बोललात. कमी आरपीएमवर जास्त टॉर्क म्हणजे सिलिंडरमधला सगळ्यात मोठा दाब, आणि तो कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि टॉर्क कन्व्हर्टरवर (ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) येतो.

पण ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला इंजिनाचा खरा टॉर्क कळायला हवा. तो आकडा न सुधारता नुसता इंजिनाचा मॅप वाढवला तर क्लच पॅकला दाब पूर्वीइतकाच मिळतो आणि ते घसरतात. म्हणजे मॅप दोन्हीकडे हवा. आणि आधी तापमान दिसायची सोय हवी, मगच ट्यूनिंग. म्हणून हे यादीत सगळ्यात शेवटी.

लोडबेड
तापमान दिसायची सोय म्हणजे नेमकं काय बसवू? चार मीटर डॅशबोर्डवर लावायचे का?

मीटरवाली
तुमच्या गाडीत बहुतेक सेन्सर आधीच आहेत. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या जागी) लावायचा कायमचा डिस्प्ले घ्या, जो गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान आणि एक्झॉस्टचं तापमान वाचतो आणि ज्याला अलार्म लावता येतो. अलार्म नसेल तर घेऊ नका. चढावर ट्रेलर ओढताना कुणी मीटर बघत बसत नाही.

आकडे साधारण असे धरा :

कूलंट : आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा आधी पाठ करा. त्याहून ८-१० अंश वर गेलं की बघा. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

गिअरबॉक्स : ८०-९५ अंश नेहमीचं. ११० ला वेग कमी करा, खालचा गिअर घ्या. १२० च्या वर तेलाचं आयुष्य झपाट्याने संपतं.

एक्झॉस्ट, टर्बोच्या आधी : सलग चढावर ७०० अंशांच्या आत ठेवा. टर्बोच्या नंतर मोजत असाल तर लोडवर तोच आकडा शंभर ते दोनशे अंशांनी कमी दिसतो, त्यामुळे सेन्सर नेमका कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रिजनरेशन चालू असताना डीपीएफचं तापमान ६०० च्या आसपास जातं, ते बघून घाबरू नका.

इंजिन ऑइलचं तापमान दिसत असेल तर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात कूलंटशी त्याचा फरक बघा. फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोक डिझेलवर हा फरक ८ अंशांच्या वर गेला की ऑइल कूलर बुजतोय असं धरतात. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल, पण फरक महिन्यागणिक वाढत गेला तर अर्थ तोच.

शांत_इंजिन
टर्बोच्या आधी नवा सेन्सर घालायचा झालाच तर मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडा, निदान टर्बो तरी सोडवा. जागेवरच ड्रिल मारलं की बिडाचा चुरा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

नोझल
आता इंधनाकडे येतो, कारण कॉमन रेल गाडीत सगळ्यात महागडं नुकसान तिथेच होतं. इंजेक्टरच्या आतली फट २-३ मायक्रॉनची. दाब १६०० बारच्या वर. धुळीचा कण आणि पाण्याचा थेंब, दोघेही शत्रू.

जादा फिल्टर कुठे बसवायचा हे पंपावर ठरतं. टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे, म्हणजे लाईनमध्ये दाब आहे, तर बारीक फिल्टर चालतो. पण हायप्रेशर पंप स्वतःच टाकीतून खेचत असेल तर त्या खेचणाऱ्या बाजूला २-४ मायक्रॉनचा फिल्टर घालू नका. ओढ वाढते, सांध्यातून हवा शिरते, गाडी उशिरा सुरू होते, पंप कोरडा पडतो. तिथे १०-३० मायक्रॉनचा, खाली पाणी साठायचा वाडगा आणि पाण्याचा सेन्सर असलेला प्री-फिल्टर घाला. बारीक गाळण्याचं काम कंपनीच्या फिल्टरलाच करू द्या.

फिल्टरवर नुसतं '२ मायक्रॉन' छापलेलं वाचून भुलू नका. त्या मापाचे किती टक्के कण अडतात ते महत्त्वाचं. बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के, बीटा १००० म्हणजे ९९.९ टक्के. आकडा न देणाऱ्याचा फिल्टर घेऊ नका.

आणि एक सवय मोडायलाच हवी : नवा मुख्य फिल्टर बसवण्याआधी त्यात वरून डिझेल ओतून भरणं. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळलेलं असतं आणि ते फिल्टरच्या स्वच्छ बाजूला असतं. कोरडा बसवा, हातपंपाने किंवा स्कॅनरने प्राइम करा, म्हणजे डिझेल भरून हवा काढा.

ग्रीसगन
प्री-फिल्टरच्या नळीचे सांधे शक्यतो कमीत कमी ठेवा. आणि फिल्टर चासीच्या आतल्या बाजूला, दगड लागणार नाही असा, पण वाडगा रिकामा करायला हात पोचेल अशा उंचीवर. हात पोचत नसेल तर पाणी कुणी काढत नाही.

कमानपाटा
नोझल, पंप कुठला आहे ते विचारायला हवं ना? बॉशचा जुना हायप्रेशर पंप सीपी-३ असेल तर निवांत, नंतरचा सीपी-४ असेल तर गोष्ट वेगळी.

नोझल
बरोबर, ते राहिलंच. बॉशच्या सीपी-४ मध्ये कॅमवर चालणारा रोलर टॅपेट असतो. तो आपल्या जागी फिरला की रोलर कॅमवर गोल फिरायच्या ऐवजी घासतो, आणि पंप स्वतःचंच लोखंड किसून इंधनात सोडतो. ते रेलमध्ये, चारही नोझलमध्ये आणि रिटर्नमधून टाकीत. मग पंप बदलून भागत नाही, सगळी इंधन प्रणाली बदलावी लागते. फोर्डचं ६.७ लिटर डिझेल आणि जीएमचं ड्युरामॅक्स एलएमएल यांच्याबाबत हे गाजलेलं आहे. कमिन्स ६.७ वर २०१९-२० च्या गाड्यांत सीपी-४ आला आणि पुढे रिकॉलमध्ये तो काढून परत सीपी-३ बसवला गेला.

तुमच्या ट्रकला सीपी-४ असेल तर : फिल्टर बदलताना जुना फिल्टर कापून उघडा, घड्या उन्हात धरून चमकणारा चुरा आहे का बघा. फीड लाईनमध्ये हवा येऊ देऊ नका, टाकी तळाला नेऊ नका. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर इग्निशनसुद्धा चालू करू नका, कारण टाकीतला पंप तेवढ्यावरच फिरतो. काही इंजिनांना बायपास किट मिळतं, ते पंपाच्या पोटातलं इंधन नोझलकडे न जाता टाकीकडे वळवतं. पंप मरतो, पण बाकीचं वाचतं. इंधनाचा वंगणपणा कमी असेल अशी शंका असेल तर मान्यताप्राप्त ॲडिटिव्ह वापरा. वंगणपणा चाचणीत धातूवर उमटणाऱ्या झीजखुणेने मोजतात, खूण लहान तितकं चांगलं : डिझेलच्या युरोपीय ईएन ५९० मानकात तिची मर्यादा ४६० मायक्रॉन, अमेरिकेच्या डी९७५ मध्ये ५२०.

शांत_इंजिन
एअर फिल्टरचा विषय कुणी घेतला नाही, मी घेतो. मोठा, तेल लावलेला कापडी फिल्टर धुळीच्या कामाच्या गाडीला नको. हवा जास्त जाते ती धूळही जास्त जाऊ देऊनच. वर त्याचं तेल एअर मास सेन्सरच्या तारेवर बसतं, आकडे चुकतात.

कागदी फिल्टर ठेवा. त्याच्यावर धुळीचा थर बसला की तो सुरुवातीला आणखी बारीक गाळतो, म्हणून सारखा उघडून बघणं आणि आपटून झटकणं हेच नुकसानीचं. त्याऐवजी फिल्टरनंतरच्या पाईपवर रिस्ट्रिक्शन मीटर (फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारं) बसवा, साध्यातलं साधं यंत्र आहे, आणि पाण्याच्या २०-२५ इंचांवर, म्हणजे ५-६ किलोपास्कलवर गेलं की फिल्टर बदला. खूपच धूळ असेल तर बाहेर सायक्लोन प्री-क्लीनर. जड कण आत येण्याआधीच बाहेर फेकले जातात.

डबा उघडाल तेव्हा फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर कितीही महाग असो, डब्याची कड किंवा रबर बसत नाहीये.

पानानंबर१३
आणि टर्बोनंतरच्या बाजूची गळती : इनटेकच्या तोंडाला बूच, त्यातून रेग्युलेटर लावून हवा, अर्ध्या बारपासून सुरुवात करून एक-सव्वा बारपर्यंत, गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जायचं नाही. साबणाचं पाणी मारा. ऑइल कॅप काढून ठेवा, कारण उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये उतरते आणि सीलवर दाब येतो. रबरी जोड बदलायचे असतील तर आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेले घ्या. साधं सिलिकॉन तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडतं. क्लिपा टी-बोल्टच्या.

लोडबेड
खूपच उपयोगी. मोठा फिल्टर आणि बॉक्स यादीतून बाद. आता मागच्या बाजूचं सांगा. हौदा भरून ट्रेलर लावला की गाडी मागून बसते, हेडलाइट आकाशाकडे.

कमानपाटा
एअर बॅग घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. नेहमीचं सामान, भरलेली टाकी, ट्रेलर लावून. पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा तोला. मग दाराच्या पट्टीवर कंपनीने दिलेला मागच्या ॲक्सलच्या मर्यादेचा आकडा बघा. पाटे, बॅग, टायर, काहीही घाला, ॲक्सल आणि चासीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. गाडी फक्त सरळ दिसते.

ट्रेलरचा हिशेब लोक चुकतात. हिचवर २०० किलो, हिच मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, व्हीलबेस ३.१ मीटर धरला तर पुढच्या चाकांवरून २०० × १.२ ÷ ३.१ = ७७ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर २०० नव्हे, २७७ किलो येतात. तुमचा हेडलाइट वर जातो त्यात या ७७ किलोंचाही हात आहे. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक कमी पकडतात.

म्हणून पहिला उपाय फुकटचा : जड सामान केबिनला टेकवून, मागच्या ॲक्सलच्या पुढे. हिचवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के. त्याहून फार कमी केला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, तेही धोक्याचं.

त्यानंतर, सामान कायम हौद्यात असेल, जसं तुमचं आहे, तर त्या वजनासाठी बनवलेले पाटे घ्या. भार चासीवर दोन टोकांना, कंपनीने मजबूत केलेल्या जागी जातो. एअर बॅग भार चासीच्या मध्यावर एका बिंदूत देते. डबल कॅबची लांब मागची बाजू, त्यावर भरलेला हौदा, ट्रेलर आणि फुगवलेली बॅग, खड्ड्यात आपटलं की चासी नेमकी बॅगच्या वर वाकते.

काळाधूर
बॅगला एवढी वाईट म्हणू नका. ट्रेलर कधी आहे, कधी नाही अशा गाडीला बॅगच योग्य. रिकामी असताना हवा कमी केली की गाडी उड्या मारत नाही. जड पाटे रिकाम्या गाडीत कंबर मोडतात.

कमानपाटा
भार बदलता असेल तर मान्य. मग बॅग कमी दाबाला, फक्त पातळी साधण्यापुरती, आणि दोन्ही बाजूंना वेगळी नळी, म्हणजे वळणावर एकीकडची हवा दुसरीकडे पळत नाही. रिकामी असतानाही बनवणाऱ्याने दिलेला किमान दाब ठेवायचाच, नाहीतर बॅग चिमटून फाटते. पण इथे ७००-८०० किलो रोजचेच आहेत. पाटेच.

बसवताना : यू-बोल्ट नवेच, जुने परत वापरायचे नाहीत. ते एकदा ताणले गेलेले असतात. शॅकल आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळा. जॅकवर लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर तुटतं. उंची फार वाढवू नका, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला की क्रॉस खातो.

ग्रीसगन
मोठ्या टायरबद्दल एवढंच : व्यास ५ टक्के वाढला की चाकाशी ओढ तेवढीच घटते, कन्व्हर्टर जास्त घसरतो, गिअरबॉक्स तापतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो. मूळ मापच ठेवा आणि भारांक वाढवा. ११५ म्हणजे एका टायरला १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५०. लाइट ट्रकच्या टायरला तोच भार पेलायला जास्त हवा लागते, जुना आकडा भरून चालणार नाही, टायर कंपनीचा तक्ता बघा.

वायरिंग
इन्व्हर्टर आणि दिव्यांसाठी आलो. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टच्या बाजूला जवळपास १०० अँपिअर ओढतो. त्याची वायर शक्य तेवढी आखूड आणि जाड. दिव्यांसाठी हिशेब : २० अँपिअर, एका बाजूला ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर. ४ चौ. मिमी वायर घेतली तर पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो. ६ ला अर्ध्याच्या जरा वर. १० ला साधारण ०.३५, ते ठीक.

फ्यूज बॅटरीजवळ, एका वितीच्या आत. फ्यूज वायरला वाचवायला असतो, दिव्याला नव्हे, म्हणून तो वायरच्या क्षमतेप्रमाणे निवडा. वायर चासीत जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट.

आता नव्या गाड्यांत सगळ्यांची चुकणारी गोष्ट : बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट सेन्सर असतो. तुमची अर्थिंग थेट त्या टोकाला लावलीत तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. अर्थ चासीच्या बाजूला लावा. दुसरी बॅटरी घालायची तर आधी अल्टरनेटर स्मार्ट आहे का बघा. असेल तर तो व्होल्टेज मध्येच खाली आणतो, साध्या व्होल्टेज रिलेने दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. डीसी-डीसी चार्जर लागतो.

लोडबेड
हे मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद. गिअरबॉक्स कूलरचं मात्र अजून कुणी बोललं नाही.

मीटरवाली
तुमच्या यादीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्लेटचा कूलर घ्या, नळीचा नको. रेडिएटरमधला मूळ कूलर काढू नका. गिअरबॉक्समधून आधी रेडिएटरचा कूलर, मग नवा, मग परत गिअरबॉक्स, असा क्रम. मध्ये थर्मोस्टॅटिक बायपास, कारण फार थंड तेलाने लॉक-अप (कन्व्हर्टर न घसरता थेट जोडला जाणं) उशिरा लागतो. नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठीचीच. रेडिएटरपुढे बसवताना हवेला फट ठेवा आणि प्लास्टिकच्या दांड्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून आवळू नका, थरथरीने नळ्या कापल्या जातात.

कूलर बसवल्यावर तेल वाढवावं लागतं. पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपासा, थंड गाडीत बघून भरली तर जास्त होते आणि फेस येतो.

नोझल
आणि त्याआधी रेडिएटर, कंडेन्सर, इंटरकूलर यांच्या मधली धूळ काढा. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाचं पाणी. जोरदार पाण्याने पत्र्या वाकल्या तर होतं त्याहून वाईट. पंख्याचा व्हिस्कस क्लचही बघा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने सहज गरगर फिरला तर क्लच गेलाय.

लोडबेड
म्हणजे आता क्रम असा लावू का? तपासणी, तेलं आणि ओबीडी डिस्प्ले. मग प्री-फिल्टर आणि गिअरबॉक्स कूलर. मग वजन करून पाटे आणि टायर. वायरिंग त्यानंतर. ट्यूनिंग सध्या नाही.

पानानंबर१३
एक बदल करा. वजनकाटा अगदी सुरुवातीला, पहिल्याच आठवड्यात. मागचा ॲक्सल आधीच मर्यादेबाहेर असेल तर पाटे आणि टायरच्या आधी सामान कमी करायचा किंवा ट्रेलरवर हलवायचा प्रश्न आहे, आणि तो उरकल्याशिवाय पाट्यांचं वजनच ठरवता येणार नाही.

ग्रीसगन
ब्रेकही वरच्या रांगेत घ्या. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. लांब उतारावर ट्रेलरसह हाच फरक पायाखाली कळतो, पेडल मऊ होऊन आत जातं. दर दोन वर्षांनी बदला. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्यांचा कंट्रोलर आधी, दिवे नंतर.

काळाधूर
ट्यूनिंगचं मी मागे घेतो, या गाडीपुरतं. सहा महिने डिस्प्लेवरचे आकडे लिहून ठेवा. चढावर एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्स दोन्ही आरामात असतील तर तेव्हा परत हाच धागा वर आणा.

कमानपाटा
लोडबेड, पाटे बसवल्यावर शंभर किमीला आणि मग हजार किमीला यू-बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा, गाडी भरलेली असताना. सैल यू-बोल्टमुळे आधी सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागे सरकतो. हेडलाइटची पातळीही त्याच दिवशी लावून घ्या.